शेऱ्याचा रकाना

आमच्या गेटावरच्या मामांनी बारा वर्षांत एकही चोर पकडला नाही, आणि तरीही सांगते, अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या तोडीचा रखवालदार झाला नाही. हे वाक्य मी आमच्या चेअरमनसाहेबांसमोर म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, "मॅडम, ये तो शिकायत हुई, तारीफ थोडी हुई." पण चेअरमनसाहेबांचा सगळा भर चोर पकडण्यावर. मामांचा नव्हता. "चोर पकडायचं काम पोलिसांचं हाय, बाई," ते मला सांगायचे. "आपलं काम त्याला नमस्कार घालायचं. नमस्कार घातला, खुर्ची दिली, गाव इचारलं, की त्याला कळतं, ह्या म्हाताऱ्यानं आपलं तोंड नीट बघितलंय. मग कशाला चोरी करतो तो?" हा सिद्धांत त्यांनी माझ्यादेखत एकदा सिद्धही करून दाखवला. हातात पाना घेतलेला एक माणूस आला आणि म्हणाला, मी प्लंबर. कोणाचा नळ गळतोय हे मामांना पाठ असायचं आणि त्या दिवशी कोणाचाच गळत नव्हता. मामांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, समोरच्या टपरीवरून चहा मागवला आणि त्याचं गाव, त्याच्या आईचं गाव, बायकोचं गाव, भावंडं किती आणि त्यातली कामाला कुठं, असं सगळं मायेनं विचारत राहिले. वीस मिनिटांनी तो माणूस 'येतो' म्हणून उठला तो थेट बाहेरच्या दिशेनं. चार दिवसांनी मागच्या सोसायटीच्या गच्चीवरचे सगळे नळ गेले. मामांच्या रजिस्टरात मात्र त्या माणसाची नोंद आधीच होती: "प्लंबर म्हणून आला. चहा पिला. कप धुऊन ठेवला. स्वभाव चांगला, धंदा वाईट."

ते नेमके कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नव्हतं. सिडकोतल्या आमच्या दोन इमारतींतली आजोबांपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत सगळी त्यांना मामाच म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. एजन्सीनं दिलेला निळा शर्ट त्यांना दोन मापांनी मोठा होता. टोपी खिशात असायची. कोणी मोठा माणूस आला की ती काढून डोक्यावर ठेवायची, सलाम ठोकायचा आणि पुन्हा घडी करून खिशात. गळ्यात शिट्टी होती, पण तिचा आवाज मी कधी ऐकला नाही. "शिट्टी कुत्र्याला मारत्यात," म्हणायचे. राहायला हर्सूलला. नवीन माणसानं 'आधी कुठं होतात?' विचारलं की मामा एवढंच म्हणायचे, "हर्सूलला होतो," आणि गप्प बसायचे. आमच्या शहरात हर्सूल म्हटलं की लोकांना तळ्याच्या आधी तुरुंग आठवतो. कोणी समजायचं, तुरुंगात शिपाई असणार. कोणी भलतंच समजून दोन पावलं मागे सरकायचं. प्रत्यक्षात ते तळ्याजवळच्या एका रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, खरं का सांगत नाही?" तर म्हणाले, "खोटं कुठं बोललो? ज्याला भ्यायचं हाय त्यानं भ्यावं. तेवढंच माझं काम हलकं."

ओळखपत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागद काय, कुणी बी छापून आणतंय," हे त्यांचं मत, आणि ते पुढे खरं ठरत गेलेलं आपण सगळे पाहतोच आहोत. त्यांचा विश्वास गावावर. गेटाशी येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" गाव सांगितलं की दुसरा, "एस.टी. फाट्यावर सोडती का आत जाती?" आणि तिसरा, सगळ्यात अवघड, "उतरल्यावर डाव्या हाताला काय दिसतं?" या तीन प्रश्नांतून सुटला तो आत. साऱ्या मराठवाड्यातले फाटे, त्यांच्यावरच्या पाणपोया, पिंपळ आणि पिठाच्या गिरण्या मामांना तोंडपाठ होत्या. कधी बघितल्या होत्या कोण जाणे. मला वाटतं, बारा वर्षं लोकांना विचारून विचारूनच त्यांनी त्या गोळा केल्या असाव्यात. फ्लॅट अकराकडे मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा मामांनी मुलाच्या वडिलांना हेच विचारलं. ते कोणत्या तरी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरचे, कोट घातलेले. ते गाव सांगून अडखळले. डाव्या हाताला काय, ते काही केल्या आठवेना. "तीस वर्षांत गेलो नाही हो," असं म्हणून ते गेटातच उभे राहिले आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. वर पोह्यांच्या बशा गार होत होत्या आणि खाली मामा मुलाच्या वडिलांची पाठ थोपटत होते. लग्न जमलं. त्या गृहस्थांनी पहिली पत्रिका मामांना दिली आणि म्हणाले, "मारुतीचं देऊळ. जाऊन बघून आलो."

आता रजिस्टर. चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाले त्याच वर्षी, ज्या सभेला मी गेलेच नव्हते त्या सभेत, मला सोसायटीची सेक्रेटरी केलं. रोज संध्याकाळी साडेसहाला, ड्यूटी संपायच्या आधी, मामा रजिस्टर सहीला घेऊन माझ्याकडे येत. त्यात नाव, कोणाकडे, आत, बाहेर आणि शेरा असे छापील रकाने होते. नावापुढे 'गाव' हा रकाना मामांनी पट्टी धरून स्वतः आखला होता. सगळ्या शहरातले रखवालदार शेऱ्याचा रकाना कोरा सोडतात. मामांचा जीव त्या रकान्यात होता. "गॅसवाला. गुडघा दुखतो. जिना चढवू नये." "फ्लॅट पाचची लेक माहेरी आली. बॅग मोठी. चार दिवसांची वाटत नाही." "पोस्टमन. पत्र नव्हतं, तरी आला. ऊन होतं." आणि एका रविवारी, पूर्ण पानावर एकच ओळ: "कोणी आलं नाही. करमलं नाही." ही ओळ वाचली त्या दिवशी माझ्या हातात नेमकं लाल पेन होतं, आणि इतक्या वर्षांची सवय, सहीच्या शेजारी मी लिहून गेले, "छान." लिहिल्यावर ओशाळले. साठीला आलेल्या माणसाच्या वहीत हे काय केलं आपण? मामांनी ते बघितलं, रजिस्टर मिटलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी साडेसहाऐवजी सव्वासहालाच हजर.

तेव्हापासून तो आमच्यात करारच झाला. मी रोज 'छान' देत नसे. शिक्षकी खोड ती, उगाच वाटली तर किंमत राहत नाही. आठवड्यातून एखादं. ज्या दिवशी मिळायचं त्या दिवशी मामा जिना उतरताना टोपी घालून उतरत. एकदा चेअरमनसाहेबांनी ते लाल शेरे बघितले आणि विचारलं, "मॅडम, ये सिक्युरिटी रजिस्टर है या निबंध की कॉपी?" मी म्हटलं, "दोन्ही." ते हसले. माणूस वाईट नाही ते, एवढं आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायचा. जे काही झालं त्यात त्यांच्यापेक्षा माझाच हात मोठा आहे.

दर शनिवारी मामा छोट्या गेटाच्या बिजागरीत तेल घालत. खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली, तिच्यात घरचं खोबरेल. मोठं गेट गाड्यांचं, ते कसंही वाजलं तरी त्यांना चालायचं. छोटं माणसांचं. "आलेल्या माणसाला बघून गेट कुरकुरलं, तर त्याला काय वाटंल?" हे त्यांचं म्हणणं. तेल घालून झालं की दोनदा उघडायचं, दोनदा लावायचं, कान देऊन ऐकायचं आणि बाटली खिशात टाकायची. फ्लॅट नऊमधल्या आजोबांचं ते एक निराळंच. आजोबांचं विसरण्याचं दुखणं आहे. दुपारी चार वाजले की ते पँट-शर्ट घालून ऑफिसला निघतात. मामा टोपी घालून कडक सलाम करायचे आणि म्हणायचे, "साहेब, आज सुट्टी हाय." आजोबा म्हणायचे, "अरे हो, विसरलोच," आणि खुशीत परत फिरायचे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस त्यांना मामांमुळे सुट्टी होती.

तर अशा या माणसाच्या हातून गेल्या हिवाळ्यात चूक झाली, आणि तीही मामांच्याच हातून होऊ शकेल अशी. दुपारची वेळ. चाळिशीचा एक माणूस आला. हातात जड पिशवी, वर केळ्यांची फणी दिसत होती. म्हणाला, दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे आलोय, नात्यातला आहे. डॉक्टर मंडळी गावाला गेली होती. मामांनी विचारलं, "गाव?" तो म्हणाला, "सोयगाव." आता मामांचं स्वतःचं गाव सोयगाव तालुक्यातलं, आणि बारा वर्षांत त्या बाजूचा एक माणूस आमच्या गेटाशी आला नव्हता. मामा खुर्चीतून उठलेच. एस.टी. विचारली, बरोबर. डाव्या हाताला काय, बरोबर. शिवाय त्यानं आपणहून बाजारातल्या कोपऱ्यावरच्या भजीवाल्याचं नाव घेतलं. मग काय राहिलं? डॉक्टर तासाभरात येतील, मी दाराशी बसतो, असं तो म्हणाला. मामांनी त्याला जिना दाखवला. नुसता दाखवला नाही, पाहुणा दमलाय म्हणून त्याची पिशवी उचलून वर नेली. केळ्यांच्या खाली कुलूप तोडायची हत्यारं होती. म्हणजे डॉक्टरांच्या घरी चोरी झाली तिचं सामान मामांनी स्वतः दुसऱ्या मजल्यावर पोचवलं. देवघरातली चांदीची भांडी आणि लॅपटॉप घेऊन तो अर्ध्या तासात खाली आला, "उद्या येतो," म्हणाला आणि जाताना मामांच्या पाया पडला.

हे कोणी बघितलं नव्हतं. आमचा तेव्हाचा एकुलता एक कॅमेरा वाढलेल्या गुलमोहराच्या फांदीकडे बघत असायचा. चोरी दोन दिवसांनी, डॉक्टर परतल्यावर कळली. मामा गप्प राहिले असते तर कोण आलं, कसं आलं, काही समजलं नसतं. पण त्या संध्याकाळी मामा साडेसहाला रजिस्टर घेऊन आले. दोन दिवसांपूर्वीच्या त्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात नव्या शाईनं लिहिलं होतं: "चूक माझी. गाववाला म्हणून सोडला. पिशवी मीच वर नेली." मी वाचलं. ते समोर उभे होते, हात मागे बांधून, नापास झालेलं पोर उभं राहतं तसे. मी सही केली आणि रजिस्टर परत दिलं. "बाई, नमस्कार," म्हणून ते गेले. टोपी खिशातच होती.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. आमच्या पार्किंगपासून गेट दहा पावलांवर आहे. चेअरमनसाहेब म्हणाले, "सेक्रेटरी मॅडम, जरा रेकॉर्ड पढके सुनाओ." मी चष्मा लावला आणि वाचलं. स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. चौतीस वर्षांचा सराव आहे. "चूक माझी. गाववाला म्हणून सोडला. पिशवी मीच वर नेली." वाचून मान वर केली तर गेटाशी मामा कोणासाठी तरी छोटं गेट उघडून धरत होते. त्यांनी ऐकलं. ऐकू न जाण्यासारखं काही नव्हतंच. चेअरमनसाहेब म्हणाले, "इमानदारी अपनी जगह, मॅडम, लेकिन ऐसे कैसे चलेगा?" कोणीतरी नव्या यंत्रणेबद्दल सांगितलं, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. ठरावाचा मसुदा माझा. 'मानवी चुकांना वाव राहू नये म्हणून' ही शब्दरचना चांगली जमली असं मला तेव्हा वाटलं होतं. आता ती आठवली की स्वतःचाच राग येतो.

यंत्रणा बसवायला कंपनीची एक हुशार इंजिनिअर मुलगी आली. तिनं समजावलं की जुने कॅमेरे नुसतं टिपून ठेवायचे. हे नवीन यंत्र बघतं, बघितलेलं समजून घेतं, गेटाशी आलेल्याशी मराठीत बोलतं आणि दिवसभराचा अहवाल स्वतः लिहून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवतं. "लिहायला त्याला नमुने लागतात, मॅडम. तुमच्या जुन्या नोंदी आहेत का?" ती म्हणाली. होत्याच. सतरा रजिस्टरं. ती देण्याआधी मामांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. सोसायटीची रजिस्टरं, त्यात काय विचारायचं? मामांनीच ती जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून तिच्या गाडीत ठेवली. ठेवताना तिला विचारलं, "हे वाचणार कोण?"

"मशीन वाचणार, मामा."

"समदी?"

"एका दुपारीत."

मामा माझ्याकडे वळले. चेहरा खुलला होता. "बघा बाई, तुमच्याशिवाय कुणी वाचलं नव्हतं आजवर. समदी वाचणार म्हणं!" त्या मुलीनं खाली मान घातली. तिला माहीत होतं, यंत्र लागलं की गेटावर माणूस राहणार नाही. मलाही माहीत होतं. मामांनाही असणारच, पण त्या क्षणी त्यांना त्याचं काही नव्हतं.

यंत्राला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. ते आल्यापासून चोरी झालेली नाही. ते झोपत नाही, जेवायला जात नाही, केळ्यांच्या खालचं त्याला दिसतं असं म्हणतात. पहिल्या आठवड्यात त्यानं आमची करमणूकही केली. मामांची रजिस्टरं वाचून ते शहाणं झालं होतं, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला गोड आवाजात विचारायचं, "आपलं गाव कोणतं?" समोरचा म्हणाला जालना, तर 'छान.' म्हणाला पुणे, तर 'छान.' कुरिअरवाल्यानं वैतागून चंद्र सांगितला, तरी 'छान.' पुढे काही नाही. डाव्या हाताला काय दिसतं हे मामांनी कधी लिहून ठेवलं नव्हतं, ते नुसतं बोलण्यात होतं. अहवालांचीही तीच तऱ्हा. "कचऱ्याची गाडी आली. छान." "फ्लॅट तीनचे पाहुणे भांडून निघून गेले. छान." सगळी सोसायटी हसली. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की तो शब्द माझा आहे. माझे लाल शेरे त्यानं नोंदीतच धरले होते. आठवड्यातून एखादा, मोजून मापून दिलेला तो शब्द आता कचऱ्याच्या गाडीला मिळत होता. इंजिनिअर मुलीला कळवलं. ती म्हणाली, काढते. बराचसा निघालाही. फ्लॅट नऊच्या आजोबांना मात्र यंत्र रहिवासी म्हणून ओळखायचं, चार वाजता 'आपला दिवस चांगला जावो' म्हणायचं आणि गेट उघडायचं. दोनदा त्यांना क्रांती चौकातून शोधून आणावं लागलं. आता त्यांची सून दुपारी घराला आतून कुलूप लावते. आजोबा दाराशी बसून असतात, सुट्टी आहे हे त्यांना सांगणारं कोणी नाही.

मामांना एजन्सीनं लगेच काढलं नाही, तेवढी माणुसकी दाखवली. क्रांती चौकाजवळच्या एका बंद खोलीत त्यांना पडद्यांसमोर बसवलं. ठिकठिकाणच्या गेटांवरची यंत्रं जे लिहितील ते वाचायचं आणि 'बरोबर' किंवा 'चूक' यातलं एक बटण दाबायचं. मामा तिथं आठ दिवस टिकले. पडद्यावर कोणी गेटाशी आलं की ते आपसूक उठून नमस्कार करायचे, शेजारची तरुण मंडळी हसायची. शेवटच्या दिवशी मला भेटायला आले. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "लई गार असतंय तिथं, बाई. सतरा गेटं दिसत्यात, पन आवाज एकाचा बी येत नाय. परवा एका गेटावर एक म्हातारी उभी होती. मशीननं लिहिलं, भीक मागनारी बाई. तिच्या हातात डबा होता, बाई, लेकाला आनलेला. म्या चूक दाबलं. का चूक, ते लिवायला गेलो तर जागाच नाय. शेऱ्याला रकानाच नाय तिथं." मग विचारलं, "इथलं मशीन कसं लिवतंय? बरं लिवतंय का?" मी म्हटलं, "तुमच्यासारखं नाही." ते म्हणाले, "शिकंल. नवीन हाय." चहा घेतला, कप धुऊन ठेवला आणि गेले. त्याच संध्याकाळी मोबाइलवर सूचना आली, नोकरीत नसलेल्यांचे चेहरे कर्मचारी यादीतून काढून टाका. सेक्रेटरी मी, ते बटण मीच दाबायचं होतं. दाबलं.

त्यानंतर दोन महिने गेले. रजिस्टरांचं गाठोडं कंपनीनं परत केलं, ते तसंच माझ्या कपाटाखाली होतं. छोटं गेट कुरकुरायला लागलं होतं. यंत्राला त्याचं काही वाटत नव्हतं, आम्हालाही सवय झाली होती. गेल्या शनिवारी मी दुपारची जरा पडले होते, मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. उठून बघते तर सोसायटीच्या ग्रुपवर हलकल्लोळ. यंत्रानं लाल अक्षरांत इशारा पाठवला होता, गेटाशी संशयास्पद हालचाल. कोणी लिहिलं होतं, ॲसिड असेल. कोणी लिहिलं, पोलिसांना कळवा. चेअरमनसाहेबांनी लिहिलं होतं, "कोई नीचे मत जाना." खाली यंत्राचा पूर्ण अहवाल होता. तो मी इथं जसाच्या तसा देते:

"दुपारी चार वाजून पाच मिनिटे. अनोळखी वयस्कर इसम. गाव विचारले असता सोयगाव सांगितले. कोणाकडे, ते सांगितले नाही. खिशातून लहान बाटली काढून छोट्या गेटाच्या बिजागरीत तेलकट द्रव ओतला. गेट दोनदा उघडले, दोनदा लावले. आवाज आला नाही. कॅमेऱ्याकडे पाहून टोपी घातली, सलाम केला. निघून गेला. छान."

मी पायऱ्या किती भरभर उतरले ते माझ्या गुडघ्यांनाच ठाऊक. गेटाशी कोणी नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं, टपरीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, मामा ना? गेले की रिक्षेनं. यंत्र माझ्याशी गोड आवाजात काहीतरी बोललं, मी लक्ष दिलं नाही. छोटं गेट उघडलं, लावलं, परत उघडलं. अजिबात वाजलं नाही. ग्रुपवर लिहिलं, "खोबरेल तेल आहे. घाबरू नका. आपले मामा होते." मग चेअरमनसाहेबांचं आलं, नुसते जोडलेले हात.

त्या संध्याकाळी मी गाठोडं सोडलं. शेवटच्या रजिस्टरातलं ते पान काढलं. आधीच्या पानांवर माझे लाल शेरे विखुरलेले होते, गॅसवाल्याच्या गुडघ्याला, पोस्टमनच्या उन्हाला, न आलेल्या पाहुण्यांना. आणि ज्या ओळीपायी त्यांना नोकरी गमवावी लागली, जी न लिहिता ते सुखानं राहू शकले असते, 'चूक माझी', तिच्यासमोर फक्त माझी सही होती. बारा वर्षांत त्यांनी लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं. ते माझ्यासमोर उभे होते आणि मी एक शब्द दिला नाही. चार लोकांत ते वाक्य वाचून दाखवलं, तेवढं केलं. आता तो शब्द त्यांना एका यंत्रानं दिला, तोही चुकून, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचलाही नाही.

लाल पेन शोधायला वेळ लागला. सापडलं तेव्हा सुकलेलं होतं. कागदावर बराच वेळ गिरवल्यावर चालू झालं आणि मी त्या ओळीपुढे लिहिलं. रजिस्टर पिशवीत घालून दाराशी ठेवलंय. हर्सूल काही लांब नाही, रिक्षेनं अर्धा तास. रोज निघते म्हणते आणि राहून जातं, कारण मला मामांचा स्वभाव माहीत आहे. दारात मला बघून ते आधी टोपी शोधतील, खुर्ची पुढे करतील, आणि मग सवयीनं विचारतील, "कुणाकडं आलात, बाई?" तेव्हा 'तुमच्याकडंच' एवढंच म्हणायचं आहे. ते मला न रडता म्हणता यायला हवं.